'संगीत दीपगृह' : वेळेत बदल

माझं नाटक पडलं, याबद्दल आमच्या इमारतीत कोणाचंही दुमत नव्हतं. पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला खांद्यावर टाकून दूध आणायला उतरले, तेव्हा जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने थांबून, दवाखान्यात भेटायला आल्यासारखा चेहरा करून मला एकच गोष्ट सांगितली. नाटक चांगलं होतं, वेळ चुकली.

मला ते ताबडतोब पटलं. न पटून सांगते कोणाला? वेळ चुकली नसेल तर दुसरं कारण एकच उरत होतं, आणि ते मी स्वतः लिहिलं होतं.

नाटक कशाबद्दल होतं ते इथेच सांगून टाकते, कारण पाहिलेल्यांपैकी फार थोड्यांना ते सांगता येईल. एका दीपगृहाचा रखवालदार असतो. वादळी रात्र, बोटी यायच्या आहेत, त्याने जागं राहायचं आहे. समुद्र त्याला नाना तऱ्हांनी झोपवायला बघतो आणि तो झोपत नाही. शेवटी उजाडतं, तो मोठी घंटा वाजवतो आणि गातो:

विझव दिवा, काम झालं,
बघ, तुझ्यावाचून उजाडलं.

हे शेवटचं गाणं म्हणजे मी आजवर लिहिलेली एकमेव गोष्ट, जी दुसऱ्या दिवशी वाचल्यावर मला फाडून टाकावीशी वाटली नाही. बाकीच्या नाटकाचं काहीही होवो, हे एक गाणं कोणीतरी डोळे उघडे ठेवून ऐकावं, इतकीच माझी अपेक्षा होती. ती फार होती असं मला अजूनही वाटत नाही.

पहिला प्रयोग आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी, कचेऱ्या सुटल्यावर ठेवला होता. लोक डब्याच्या पिशव्यांसकट आले. पहिल्या गाण्याला त्यांनी पाय पसरले, दुसऱ्याला बुटांच्या नाड्या सैल केल्या, तिसऱ्याला शेजाऱ्याचा खांदा जवळ केला. मध्यंतराची घंटा झाली तेव्हा जे जागे झाले त्यांना नाटक संपलं असं वाटलं, आणि ते एकमेकांना 'छान होतं' म्हणत घरी गेले. शेवटच्या गाण्याच्या वेळी सभागृहात उघडे डोळे फक्त द्वारपालाचे होते, आणि तो घड्याळाकडे बघत होता. गावातल्या साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं, 'प्रेक्षकांनी नाटकाला शेवटपर्यंत शांतपणे साथ दिली.' नवऱ्याने ते मला कौतुक म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. त्या समीक्षकाला मी विंगेतून पाहिलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्याची टोपी शेजारणीच्या मांडीवर होती.

आमच्या हौशी मंडळाचे चिटणीस दंतवैद्य आहेत. मंडळात पुरुष म्हणावा तर तेच एक, म्हणून रखवालदारही तेच. मी त्यांच्या दवाखान्यात गेले तेव्हा ते कोणाच्या तरी दाढेत होते.

"वहिनी, सभागृहाच्या तीन तारखा घेतल्यात," ते दाढेकडे बघत म्हणाले. "उरलेल्या दोन तुमच्या. त्यातही असंच झालं तर आपण आपला फार्स पुन्हा काढू. लोकांना कपाट आवडतं."

आमच्या मंडळाच्या फार्समध्ये एक कपाट आहे. त्यात एकामागून एक सगळी पात्रं लपतात. गावाने तो इतक्यांदा पाहिला आहे की कपाटाला टाळ्या पडतात.

"वेळ चुकली होती हो, डॉक्टर," मी म्हणाले.

खुर्चीतल्या माणसाने तोंड उघडं ठेवून जोरजोराने मान डोलावली. तो पहिल्या प्रयोगाला आला असावा.

वेळ या विषयातला अधिकारी माणूस आमच्या डोक्यावरच राहतो. वरच्या मजल्यावरच्या काकांनी सगळी नोकरी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात काढली. जगातल्या कुठल्याही दुःखावर ते एकच औषध सांगतात. मुलगी झोपत नाही म्हटलं तर म्हणतात, तिच्या झोपेची वेळ बदला. लग्न मोडलं म्हटलं तर म्हणतात, चुकीच्या वेळी भेटले. नाटक पडल्याच्या बातमीने त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा रंग आला.

"हे बघ मुली, गाडी कधीच वाईट नसते," ते आमच्या सोफ्यावर मांडी घालून म्हणाले. "दमलेल्या माणसाला मऊ आसन आणि काळोख दिलास तर तो काय करणार? त्याला सकाळी गाठ. रविवारी सकाळी माणूस कसा असतो?"

"अंथरुणात असतो," सासूबाई आतून म्हणाल्या.

"ताजा असतो," काका म्हणाले.

सासूबाईंचं मत आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. खरं तर घ्यायला हवं होतं, कारण त्या नाटकात होत्या. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर त्या मंडळात आल्या आणि थेट समुद्र झाल्या. दोन हातांत निळं कापड धरून त्या रंगमंचभर अशा काही फिरतात की पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेतात. निदान जागे असलेले तरी.

सकाळची वेळ मागायला मी सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे गेले. मुलीला बरोबर न्यावं लागलं, कारण समुद्राची तालीम होती. व्यवस्थापकांनी अर्ज पुढे सरकवला. त्यात 'वेळ बदलण्याचे कारण' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाटक पडले.'

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, नाटक पडणं हे कारण नाही. तो परिणाम आहे."

मी खोडून लिहिलं, 'वेळ चुकली.'

"म्हणजे आमच्या सभागृहाने तुम्हाला चुकीची वेळ दिली?"

"तसं नाही."

"मग तसं लिहू नका. हे वर जातं." वर म्हणजे कुठे ते मला कळलं नाही, वर पंखा होता. "प्रकृती अस्वास्थ्य लिहा. ते चालतं."

"कोणाचं?"

"ते विचारत नाहीत."

मी 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहीत असताना मुलीने शाईच्या पॅडवर हात ठेवला आणि मग तो हात, पाचही बोटं नीट पसरून, अर्जावर ठेवला. सहीच्या बरोबर शेजारी. अर्ज पुसायला मी रुमाल काढला, तर व्यवस्थापकांनी मला अडवलं. दुसऱ्या अर्जावर पुन्हा सगळं लिहावं लागेल आणि कोरे अर्ज संपलेत, असं ते म्हणाले. मग त्यांनी बराच विचार केला, नियमावली उघडली, मिटली, आणि पंजाखाली बारीक अक्षरात लिहिलं: 'सहअर्जदार.'

तर अशा रीतीने मी आणि माझ्या मुलीने मिळून रविवार सकाळ मिळवली.

ताज्या माणसांबद्दल काका म्हणाले ते अगदी खरं निघालं. माणसं इतकी ताजी होती की त्यांना सगळं दिसलं. सभागृहाचे काळे पडदे धुलाईला गेले होते. ते दर वर्षी एकदाच जातात आणि त्यासाठी व्यवस्थापकांनी, कोणी सकाळी नाटक करत नाही म्हणून, रविवार सकाळ निवडली होती. लांबलचक खिडक्यांतून ऊन थेट रंगमंचावर येत होतं. त्या उन्हात दंतवैद्य डोळ्यांवर हात धरून 'काळोख दाटला, किनारा हरवला' म्हणायला लागले. कोणीतरी हसलं. मग त्यांनी दीपगृहाचा दिवा लावला. तो लागला की नाही हे बघायला त्यांना काचेला हात लावून पाहावं लागलं. मग सगळेच हसले.

त्यात वरच्या मजल्यावर कराटेचा वर्ग. समुद्र जवळ आला, की वरून धप्प. समुद्र म्हणतो, 'नीज रे राजसा,' आणि छतातून पन्नास गळे एकदम हुंकार देतात. सासूबाईंनी एकदा दचकून निळं कापड स्वतःच्याच डोक्यावर घेतलं आणि बराच वेळ समुद्र कुठे आहे ते समुद्रालाच कळेना. शेवटचं गाणं जवळ आलं. मी श्वास रोखला. लोक जागे होते, टक्क जागे होते. दंतवैद्यांनी घंटेची दोरी हातात घेतली, आणि मागचं दार उघडून कराटेवाल्यांचे पालक खुर्च्या घेऊन आत आले. त्यांचा बक्षीस समारंभ होता. आमची वेळ संपली होती. समोरचे प्रेक्षक त्यांना वाट करून द्यायला आनंदाने उठले.

"वेळ," संध्याकाळी काका म्हणाले. "अगदी थोडक्यात चुकली."

त्या दिवशी सासूबाई मला जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नव्हते. पण मग पुढचं कळणार नाही. त्या कापडाच्या घड्या घालत होत्या आणि मी मुलीला पायांवर घेऊन हलवत बसले होते.

"रागावू नकोस, पण मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "ही सगळी गाणी तू पाळणा हलवत लिहिलीस."

"मग? दुसरं कधी लिहिणार?"

"तसं नाही गं. प्रत्येक ओळ पाळण्याच्या झोक्याएवढी आहे. जाते, आणि परत येते. तुझं वादळसुद्धा झोके घेत येतं. मी परवा तालमीत उभ्या उभ्या झोपले होते, समुद्र चालूच होता. कोणाला कळलं नाही."

शिकलेली बाई असल्यामुळे मला टीका सहन करता येते. मी फक्त उठून स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेली सगळी भांडी पुन्हा घासली. सासूबाईंचं खरं होतं, हे मला दुसऱ्या पातेल्यालाच कळलं होतं. आमची मुलगी झोपत नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारलं तर ते म्हणतात, झोप आली की झोपेल. एवढ्यासाठी ते कित्येक वर्षं शिकले आहेत. आणि चुकून ती झोपलीच, तर मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघत बसते, म्हणजे जागरण तेच. एक पाय पाळण्याच्या दोरीत आणि मांडीवर कागद, असं ते नाटक झालं. रखवालदार कुठून आला हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

तिसरी तारीख सोडून द्यावी असं मी नवऱ्याला म्हटलं.

"सोडू नकोस," तो म्हणाला. "मी पूर्ण बघितलेलं नाही अजून."

"दोन्ही प्रयोगांना तू होतास."

"होतो," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रामागे गेला.

सभागृह आता फक्त आठवड्यातल्या एका दुपारी मोकळं होतं. जेवणानंतरची वेळ. "दुपारची गाडी रिकामी जाते," काका म्हणाले. "नेहमीच. पण म्हणून ती बंद करायची नसते. त्या वेळी कोण घराबाहेर पडू शकतं ते शोधायचं असतं."

ते मला सापडलं ते मुलीच्या लसीच्या दिवशी. दवाखान्याच्या बाकावर आम्ही आया ओळीने बसलो होतो. सगळ्यांच्या खांद्यावर दुधाचे डाग, सगळ्यांच्या डोळ्यांखाली तीच शाई. शेजारची म्हणाली, नाटक बघून किती दिवस झाले ते तिला आठवतही नाही. मूल रडलं की लोक मागे वळून बघतात. पलीकडची म्हणाली, तिला नाटक नको, नुसतं काळोखात बसायला मिळालं तरी पुरे. मी पिशवीतून आमच्या नाटकाची पत्रकं काढली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळांना घेऊन या. रडली तरी चालतील."

हे बोलताना सभागृहाचा नियम माझ्या लक्षात नव्हता. तो दारावरच लिहिला आहे: 'लहान मुलांना प्रवेश नाही.'

व्यवस्थापकांनी नियमावलीत बोट घातलं. "कारण दिलंय. 'मुले आसनांमधून धावतात म्हणून.' तुमची मुलं धावतात?"

"बसतसुद्धा नाहीत नीट."

"रांगतात?"

"काही रांगतात."

त्यांनी पुन्हा वाचलं. "रांगण्याबद्दल काही म्हटलेलं नाही." मग माझ्या मुलीकडे बघून ते म्हणाले, "आणि ह्यांना तर प्रश्नच नाही. ह्या अर्जदार आहेत."

त्या दुपारी सभागृहाबाहेर बाबागाड्यांची रांग लागली. आया आत आल्या आणि त्यांच्याबरोबर जो आवाज आत आला, तो वरच्या कराटेवाल्यांनी ऐकला असता तर वर्ग सोडून दिला असता. दंतवैद्य विंगेत माझ्या शेजारी उभे होते, चेहरा पांढरा. "वहिनी, माझ्या दवाखान्यातसुद्धा इतकं रडत नाहीत," ते म्हणाले.

पडदा वर गेला. पडदे धुऊन परत आले होते, काळोख चांगला झाला. सासूबाईंनी निळं कापड उचललं. जाणारी लाट, येणारी लाट. पहिल्या गाण्याच्या अखेरीस डावीकडची रडारड थांबली. दुसऱ्याला उजवीकडची. तिसऱ्या गाण्यात कुठेतरी एक उचकी आली, आणि मग काहीच नाही. अख्ख्या सभागृहात चिडीचूप शांतता. मी विंगेत उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. हीच ती वेळ, मी मनात म्हटलं. काका, तुम्ही देवमाणूस आहात. ऐकताहेत. शेवटी कोणीतरी ऐकतंय.

मग डोळे काळोखाला सरावले आणि मला दिसलं.

बाळं झोपली होती. आयांच्या पोटांवर, खांद्यांवर, काखेत. आया त्यांच्यावर वाकून झोपल्या होत्या. दवाखान्यातली पलीकडची बाई तर पाय समोरच्या आसनावर टाकून अशी झोपली होती, की तिला बघून मलाच हेवा वाटला. शेवटच्या रांगेत काका. तिसऱ्या रांगेत नवरा, मान मागे टाकून. आणि नवऱ्याच्या मांडीवर, ताठ बसून, दोन डोळे. आमच्या मुलीने ही गाणी जन्मल्यापासून ऐकली आहेत. तिच्यावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

समुद्र ओसरला. उजाडलं. दंतवैद्य घंटेपाशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि दोरीला हात घातला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईने एक डोळा उघडला. तिने दोरी पाहिली, घंटा पाहिली, पोटावरचं मूल पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. बाकी काही केलं नाही, नुसतं दंतवैद्यांकडे बघत राहिली. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. रोज आरशात असतो.

दंतवैद्यांनी विंगेकडे पाहिलं. त्यांचा हात दोरीवरच होता.

ती घंटा वाजावी म्हणून मी तो अर्ज, तीन वेगवेगळ्या वेळा आणि सासूबाईंचं ते बोलणं सोसलं होतं. मी मान हलवली. नको.

त्यांनी दोरी सोडली. मग ते रंगमंचाच्या कडेला आले, उकिडवे बसले, आणि घाबरलेल्या रोग्याला 'काही दुखणार नाही हं' म्हणताना त्यांचा जो आवाज असतो, त्या आवाजात ते गाणं म्हणू लागले. सभागृहात जागा असलेला एकच चेहरा होता, म्हणून त्याच्याकडे बघून म्हणाले. मुलीने दोन्ही हात नवऱ्याच्या गुडघ्यांवर ठेवले आणि ऐकलं. इकडे तिकडे बघितलं नाही, अंगठा तोंडात घातला नाही. पहिलं कडवं, दुसरं कडवं. 'विझव दिवा, काम झालं.' मी तिच्या श्वासाकडे बघत नव्हते, हे मला फार नंतर कळलं. 'बघ, तुझ्यावाचून उजाडलं.'

शेवटचा शब्द संपला. मुलीने एक क्षण वाट पाहिली. आणि मग तिने आनंदाने अशी एक किंकाळी फोडली, की ती घंटा वाजली असती तर बरं झालं असतं.

सगळं सभागृह एकदम उठलं. सगळी बाळं एकदम रडायला लागली. समुद्र घाबरून परत आला. नवरा झोपेतून थेट उभा राहून टाळ्या वाजवू लागला. शेवटच्या रांगेत काकांनी डोळे उघडले, घड्याळ बघितलं आणि शेजारच्या बाईला म्हणाले, "बघा. गाडी वेळेवर पोचली."

बाहेर बाबागाड्यांपाशी आयांनी मला घेरलं. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, असं एक म्हणाली. दुसरीने माझा हात हातात घेऊन विचारलं, पुढचा प्रयोग कधी? तिसरीने विचारलं, गोष्ट काय होती? मी सांगायला लागले तेव्हा तिला जांभई आली आणि ती म्हणाली, "सांगू नका, पुढच्या वेळी बघते."

आता 'संगीत दीपगृह' दर आठवड्याला दुपारी होतं. आसनं आधीच भरतात. फार्स पुढे ढकलला आहे. कपाटात सध्या बाळांची दुपटी ठेवतात. साप्ताहिकाने लिहिलं, योग्य वेळ मिळाली की चांगल्या कलाकृतीचं चीज होतं. त्याचा समीक्षक पुन्हा येऊन गेला, या वेळी उशी घेऊन. वेळ बदलून नाटक वाचतं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते. वाचलं ते नेमकं काय, हे विचारू नये.

आयांच्या अटी मात्र दोन होत्या. दंतवैद्यांनी त्या मला दाढ काढण्याआधी बोलतात तसं फार गोड बोलून सांगितल्या: शेवटचं गाणं हळूच म्हणायचं, आणि लेखिकेच्या मुलीला आत आणायचं नाही.

मी भांडणार होते, पण गरज पडली नाही. व्यवस्थापकांनी मूळ अर्ज काढून त्यावरचा पंजा दाखवला आणि अर्जदाराला प्रवेश नाकारता येत नाही असं मंडळाला लेखी कळवलं. तेव्हापासून शेवटचं गाणं आलं, की पहिल्या रांगेतली बाई सगळ्यांना कोपराने ढोसते, आया आपापल्या बाळांच्या कानांवर हात ठेवतात आणि डोळे मिटून घेतात. मी विंगेत उभी राहून माझ्या प्रेक्षकाकडे बघते.

गेल्या खेपेला दुसऱ्या कडव्यात तिने जांभई दिली. चांगली मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. याच जांभईसाठी मी तिच्या जन्मापासून काय काय केलं ते माझं मला ठाऊक. पण आम्ही घरी पोचलो, तिला पाळण्यात ठेवलं, आणि मी पेन घेऊन बसले. ते कडवं जरा ढिलं पडतंय.